कार्डला पाणी सोडण्याआधी

मे महिन्यात सांगलीत दुपारचा पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालची खोली रात्री नऊलाही ३५-३६ अंशांच्या खाली उतरत नाही. ग्राफिक्स कार्डच्या वॉटर कूलिंगचे जे आकडे नेटवर दिसतात ते बहुतेक २१-२२ अंशांच्या गार खोलीत घेतलेले असतात. आपल्याकडे त्यात सरळ १४-१५ मिळवायचे. कुणी ‘कोअर ४८ वर थांबतो’ (कोअर म्हणजे कार्डाची मुख्य चिप) म्हटलं की इथे तो ६२-६३ धरायचा.

शिवाय रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता पंख्यानं हवेत सोडणारी जाळी, हा माठ नव्हे. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, म्हणून आतलं पाणी खोलीपेक्षा गार होतं. लूप, म्हणजे पंप, नळ्या, चिपवर बसणारा ब्लॉक आणि रेडिएटर यांतून पाणी फिरण्याचा मार्ग, बंद असतो, त्यामुळे त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होणं शक्यच नाही. चांगल्या लूपमध्येही पूर्ण लोडवर पाणी हवेपेक्षा १०-१२ अंश वर असतं आणि कोअर पाण्यापेक्षा आणखी १२-१५ अंश वर. खोली ३६, पाणी ४८, कोअर ६२. आणि कार्ड ३२० वॅट खात असेल तर ती उष्णता पंख्यानं काढा नाहीतर पाण्यानं, येणार त्याच दहा बाय दहाच्या खोलीत. खोली गार राहावी म्हणून लूप बांधणाऱ्यानं ते पैसे भिंतीतल्या एक्झॉस्ट फॅनवर खर्च करावेत.

मग मिळतं काय? आवाज कमी होतो आणि मेमरी वाचते. यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वर जीडीडीआर६एक्स मेमरी आहे. कोअर ७५ दाखवत निवांत असतो आणि तेव्हाच मेमरी १०४-१०६ वर उकळत असते. ११० ला ती स्वतःहून वेग उतरवते. गेममध्ये फ्रेम अचानक बसतात आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या घालतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘मेमरी जंक्शन’ची ओळ बघितल्याशिवाय कार्ड गार आहे असं म्हणू नका. ३०९० वर तर निम्म्या मेमरी चिप बोर्डाच्या मागच्या बाजूला आहेत. पुढच्या ब्लॉकचं पाणी तिथे पोचतच नाही, तिथली उष्णता मागची प्लेट आणि तिच्याखालचे पॅडच (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) काढतात.

पाण्यात हात घालण्याआधी वॅटचा हिशोब. ३०८० घेते ३२० वॅट, ४०७० घेते २००, आणि गेममध्ये दोन्ही जवळपास बरोबरीनं चालतात. रोज चार तास खेळलं तर १२० वॅटचा फरक महिन्याला १४ युनिटांवर जातो. म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेलं ३०८० आणि त्यावर लूपचा खर्च, ही बेरीज कागदावर करून बघा. कमी वॅटचं कार्ड घेऊन हवेवरच ठेवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. ४०८० चे ३२०, ५०८० चे ३६०, ४०९० चे ४५० वॅट. पाण्याचा विचार करावा तो या कार्डांसाठी. दोनशे वॅटच्या कार्डाला कस्टम लूप म्हणजे दोन गुंठ्यांना दहा एचपीची मोटार.

आणि फुकटचा उपाय आधी करा. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये व्होल्टेजचा कर्व्ह उघडून ३०८० ला ०.८५ व्होल्टवर १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास बांधलं की खप ३२० वरून २५० च्या जवळ येतो आणि फ्रेम चार-पाच टक्क्यांपलीकडे पडत नाहीत. कर्व्ह नको वाटत असेल तर पॉवर लिमिट नुसती ८० टक्क्यांवर आणा. साठ-सत्तर वॅट इथेच वाचतात, आणि तेवढ्यानं अर्ध्या लोकांचा पाण्याचा हट्ट सुटतो.

नवं कार्ड आलं की त्याला लगेच ब्लॉक बसवू नका. किमान आठवडाभर मूळ कूलरवर चालवा. दुकानात परत द्यायची वेळ आली तर कूलर अंगावर असलेलंच कार्ड परत घेतात. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की समोरचा हात वर करतो. त्या आठवड्यात खोलीचं तापमान, कोअर, हॉटस्पॉट (चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू), मेमरी असे चार आकडे लिहून ठेवा. नंतर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं. (५० च्या मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दाखवत नाहीत, तिथे तिन्हींवर भागवायचं.) एएमडीवरून एनव्हिडियावर येत असाल तर सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर पुसणारा प्रोग्राम चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा.

पॉवर सप्लायला इथेच बघून घ्या. एका आठ पिनी जोडाची मर्यादा १५० वॅट, स्लॉटमधून ७५. कार्डाला दोन जोड असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं लावू नका. ३०८० ला ७५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे, कारण क्षणभरासाठी ते नेमून दिलेल्या वॅटच्या बरंच वर उसळी मारतं. जुन्या ५५० वर नेमक्या गर्दीच्या सीनला मशीन बंद पडून पुन्हा चालू होतं. सोळा पिनी जोड असेल तर तो शेवटपर्यंत बसलाय का हे टॉर्च धरून बघा आणि जोडापासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत वायर वाकवू नका. राहिला यूपीएस. ६०० व्हीए लिहिलेला साधारण ३६० वॅटच पेलतो. लाइट गेली की तो मशीनसकट बसतो आणि दोष कार्डावर येतो.

आता सामान. ब्लॉक कार्डाच्या नावावर घेऊ नका, बोर्डावर घ्या. एकाच ३०८० चे डझनभर बोर्ड आहेत आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा कॉइल आणि कपॅसिटर इकडचे तिकडे असतात. ब्लॉकवाल्याच्या यादीत तुमच्या कार्डाचा पूर्ण पार्ट नंबर दिसला तरच पैसे भरा. रेडिएटरचा हिशोब गार खोलीत १२० मिलिमीटरला १०० ते १५० वॅट असा करतात. इथे १०० च धरा. कार्ड ३२०, प्रोसेसर १००, म्हणजे एक ३६० आणि एक २४० चा रेडिएटर. पंप डी५ प्रकारचा. नळी मऊ घ्या, १०/१६ मिलिमीटरची, तीन मीटर. पारदर्शक नळीतला प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटून ब्लॉकमध्ये चिकटा धरतो, काळी ईपीडीएम रबराची दिसायला साधी पण वर्षानुवर्षं टिकते. पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या फोटोत छान दिसतात, पण ६० अंशांकडे त्या मऊ पडायला लागतात. आपलं पाणी उन्हाळ्यात ५० ला असतं. एखादा पंखा बंद पडला की उरलेले दहा अंश जायला वेळ लागत नाही. डी५ ची मर्यादासुद्धा ६० च आहे.

फिटिंग जी १/४ आट्याचे. पंप-टाकीला दोन, कार्ड आणि प्रोसेसरच्या ब्लॉकना चार, दोन रेडिएटरना चार, असे दहा. वर दोन-तीन कोन, एक टी आणि पाणी काढायला एक छोटा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवर पैसे वाचवणारा वर्षभरानं टब आणि जुनी लुंगी घेऊन बसतो. हे सामान सांगली-मिरजेत दुकानात पडलेलं नसतं, मागवावंच लागतं, म्हणून दोन फिटिंग आणि मूठभर ओ-रिंग जास्तीच्या मागवा. फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. नळाच्या कामाची सवय इथे नडते: सील ओ-रिंग करते, टेपनं फिटिंग वर राहतं आणि ओ-रिंग दबतच नाही. हातानं घट्ट करा, फार तर पान्ह्यानं पाव फेरा. ॲक्रिलिकचा ब्लॉक जोर केला की तडकतो, आणि ती चीर सहसा दुसऱ्या दिवशी दिसते.

ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, असा संसार लावू नका. स्वस्त किटमध्ये हे सर्रास असतं. दोन धातू एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या खाचांत बसतो. तांब्याचा रेडिएटर हातात घेताच जड लागतो.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून. बोअरचं नाही, नळाचं नाही, आरओचंही नाही. तासगावकडच्या द्राक्षबागेत क्षारानं बसलेला ठिबकचा ड्रिपर ज्यानं उघडून बघितलाय त्याला हे समजावायला नको. ब्लॉकच्या खाचा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात आणि तिथे ॲसिड सोडायची सोय नसते. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड म्हणून मिळतं ते बऱ्याचदा डीएम पाणी असतं. तेही चालतं, पण सीलबंद कॅन घ्या. सुटं पाणी ज्या कॅनमधून ओततात त्यात आधी ॲसिड नव्हतं याची खात्री कोण देणार? आरओ दुरुस्तीवाल्याकडचा टीडीएस मीटर बुडवा, शून्य ते दोन-तीनच्या वर आकडा नको. त्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात गंजरोधक आणि शेवाळरोधक घाला. लूपला पाऊण ते एक लिटर लागतं. दुधाळ, रंगीत द्रव टाळा. त्यातला रंग खाली बसतो. आणि शुद्ध पाणी वीज नेत नाही या भरवशावर राहू नका. लूपमध्ये महिनाभर फिरलेलं पाणी शुद्ध राहिलेलं नसतं.

नव्या रेडिएटरमध्ये डाख देताना वापरलेला फ्लक्स आणि धातूचे कण असतात. कोमट डिस्टिल्ड पाणी अर्ध्यापर्यंत भरून दोन्ही तोंडं बंद करा, खुळखुळ्यासारखा हलवा आणि पांढऱ्या फडक्यावर ओता. फडकं कोरं येईपर्यंत, साधारण चार-पाच वेळा.

कार्ड उघडणं. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ करा, मग मशीन बंद करून वायर काढा. कोअरभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरके तिरके, अर्धा-अर्धा फेरा सैल करा. कूलर सरळ ओढू नका, हलका पिळा. तो सुटला की पंख्याची वायर अजून बोर्डाला असते. ती वायरीला धरून नाही, प्लगला धरून काढा. जुने पॅड तेलकट होऊन चुरा झालेले असतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाड्यांनी एकेक चिप पुसा.

सगळा खेळ पॅडच्या जाडीचा आहे. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड मेमरीवर पडला तर ब्लॉक त्यावरच टेकतो, कोअरला लागत नाही आणि हॉटस्पॉट काही सेकंदांत शंभर ओलांडतो. हे निदान लगेच कळतं. बारीक पॅड पडला तर कळतच नाही, कारण पॉवरच्या भागाचं तापमान बऱ्याच कार्डांवर दिसत नाही आणि तो भाग गुपचूप भाजत राहतो. जुन्या पॅडची जाडी व्हर्नियरनं मोजून फसू नका, तो दबलेला असतो. ब्लॉकसोबतच्या आकृतीत दिलेलीच जाडी घ्या. कोअरची चिप उघडी असते, वर झाकण नसतं, त्यामुळे पेस्ट कडेपर्यंत पसरवा. कोपरा कोरडा राहिला तर तिथेच हॉटस्पॉट. मग ब्लॉक बसवून, स्क्रू तिरके आवळून, पुन्हा उघडून बघा. दोन रुपयांची पेस्ट जाते, जाऊ दे. प्रत्येक पॅडवर चिपचा चौकोन उमटलेला हवा, काही पॅडवर तर चिपवरची अक्षरंसुद्धा उलटी वाचता येतात. चौकोन पुसट असेल तिथे पॅड टेकलेला नाही. चालू केल्यावर कोअर आणि हॉटस्पॉटमध्ये १०-१५ चा फरक ठीक. २५ च्या वर गेला तर ब्लॉक एका बाजूला कललाय.

पंखे रेडिएटरला लावताना स्क्रूची लांबी मोजा. २५ मिलिमीटरच्या पंख्याला ३० चा स्क्रू पुरतो, ३५ चा थेट नळीत शिरतो. नवाकोरा रेडिएटर पहिल्याच दिवशी गळण्याचं हे नेहमीचं कारण.

आधी कार्डाला की आधी प्रोसेसरला, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला एक लिटर इतक्या हळू प्रवाहातसुद्धा ३०० वॅटनं पाणी चारच अंशांनी तापतं, आणि डी५ त्याहून बरंच जास्त पाणी फिरवतो. नळी जवळची पडेल तशी जोडा. नियम एकच, टाकी पंपाच्या वर आणि पंपाच्या आधी.

ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे तिथे पंप कोरडा चालवू नका हे सांगायला लागू नये. डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं. आधी हवेच्या छोट्या हातपंपानं लूपमध्ये अर्धा बार दाब भरून अर्धा तास काटा बघा. काटा हलला नाही तर पाणी. मदरबोर्ड आणि कार्डाच्या सगळ्या पॉवर वायर काढा, फक्त पंप जोडलेला ठेवा. चोवीस पिनी जोडातली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली की सप्लाय चालू होतो. टाकी भरा, पाच सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद, पुन्हा भरा. पंपानं हवा धरली तर घरघरतो. कॅबिनेट चारही बाजूंना कलता करा, रेडिएटरच्या कोपऱ्यातले बुडबुडे तसेच सुटतात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवून चोवीस तास चालू द्या. टिश्यूवर ओला डाग दिसला तर फिटिंग नुसतं आवळू नका, काढून ओ-रिंग बघा. ती दुमडलेली निघते.

पंपाची पॉवर सप्लायवरून घ्या, मदरबोर्डाच्या पंख्याच्या पिनांवरून नाही. त्या पिना साधारण १२ वॅट देतात आणि डी५ ला त्याहून जास्त लागतात. वेगाची वायर तेवढी सीपीयू फॅनच्या पिनेवर लावा, म्हणजे पंप थांबला की बायोस ओरडतो.

देखभाल फार नाही. गळिताच्या हंगामात पाचट पेटवलं की काजळी उडते आणि रेडिएटरच्या पात्यांत जाऊन बसते. तेव्हा पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यानं ब्रश मारा. ब्लोअर मारायचा तर पंखा बोटानं धरून. द्रव वर्षाला बदला, शक्यतो मार्चमध्ये, उन्हाळा चढायच्या आत. काढलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाला धरा. हिरवट दिसलं तर तांबं सुटतंय, तळाशी पांढरा गाळ दिसला तर ब्लॉक उघडून खाचा मऊ दातब्रशनं घासा. मूळ कूलर, त्याचे स्क्रू आणि पंख्याची वायर एका डब्यात नाव घालून ठेवा. कार्ड विकायच्या दिवशी गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच डबा मागतं.