काल काय खाल्लंस?

आज उपाशीपोटीची साखर १६८ आली. रात्री ज्वारीची भाकरी, मेथी, वाटीभर मुगाचं वरण, वर कॉलनीला फेरी पण मारून आले होते. स्ट्रिप अजून मीटरमध्येच, बोट कापसाने दाबून धरलेलं, आणि ह्यांनी चहा गाळता गाळता विचारलं, काल काय खाल्लंस? बस, एवढंच. आवाजही चढला नव्हता. पण दिवसभर तेच डोक्यात फिरतंय.

वन्संचं बीपी वाढतं तेव्हा सगळे म्हणतात जरा आराम कर. माझी साखर वाढली की आधी चौकशी. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल वगैरे वाढतं आणि लिव्हर आपणहून साखर सोडतं, झोप झाली नाही, ताण आला, साधा ताप आला तरी आकडा चढतो, हे डॉक्टरांनी समजावलंय, मला पाठ आहे, तरीसुद्धा मीटरकडे बघताना प्रगतिपुस्तकावर सही मागायला जावं तसं पोटात गोळा येतो. आणि मग वाटतं, मरू दे, कशाला तपासायचं.

ह्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात, डिप्रेशनहून वेगळं. अमेरिकेतल्या पोलोन्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली त्याची २० प्रश्नांची यादी छापली. खाण्याचा विचार सतत डोक्यात असतो का, घरचे साथ देत नाहीत असं वाटतं का, ह्या सगळ्या उठाठेवीने थकून गेलात का. वाचताना रडूच आलं मला. कोणीतरी हे विचारलं होतं तर, इतक्या वर्षांपूर्वी.

ह्यांना भीती वाटते, ते कळतं मला. माईंच्या पायाचं ड्रेसिंग शेवटपर्यंत ह्यांनीच... जाऊ दे, ते आज नको.

संध्याकाळी सांगितलं, अहो, काय खाल्लंस विचारू नका, झोप लागली का विचारा. बरं म्हणाले. विसरतील, मग मी परत सांगेन. वहीत १६८ च्या पुढे लिहिलं, जेवण नेहमीचं, झोप तुटक. तीन महिन्यांची सरासरी, ते एचबीएवनसी, मागच्या वेळी ७.१ होतं, ते एका सकाळीने थोडंच बदलतंय. पुढचं दिवाळीनंतर आहे. अनारसे मीच करणार आहे आणि एक खाणार पण आहे, सगळ्यांसमोर बसून.