एकास बहात्तर

प्लॅस्टिकची मॉडेले जोडण्याचा छंद असलेल्या माणसाच्या घरी जोडून झालेल्या मॉडेलांपेक्षा न उघडलेली खोकीच अधिक असतात, हे या छंदातले उघड गुपित आहे. आमच्याकडेही माळ्यावर प्रवासी बॅगा आणि आकाशकंदील यांच्या मागे अशी खोकी रचलेली आहेत, आणि ‘हे सगळे कधी करणार?’ या घरच्यांच्या प्रश्नाला ‘निवांत झाले की’ हे उत्तर अनेक वर्षे पुरले. ठाण्यातील आमच्या मॉडेलकार मंडळींनी वार्षिक मेळाव्यात स्पर्धा ठेवली आणि ते उत्तर बाद झाले. छंदाला मुदत घालू नये, असे म्हणणारे काही जण मला भेटतात. त्यांची पूर्ण झालेली मॉडेले मात्र अद्याप पाहायला मिळालेली नाहीत.

स्पर्धेसाठी मी नॅट निवडले. इंग्लंडमधील फॉलंड कंपनीने आखलेले हे चिमुकले लढाऊ विमान पुढे बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्येही तयार होऊ लागले. १९६५ च्या युद्धात ते पाकिस्तानच्या सेबर विमानांना पुरून उरले, आणि १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबरांशी याच नॅटमधून एकट्याने झुंजताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आले. हवाई दलाकडे असलेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे. या विमानाचे दोन्ही पंख टोकापासून टोकापर्यंत मोजले तर जेमतेम पावणेसात मीटर भरतात. एकास बहात्तर या प्रमाणात ते नऊ सेंटिमीटरांच्या थोडे पुढे जातात, म्हणजे सबंध विमान तळहातावर मावते. बहात्तर हा आकडा फूट-इंचांच्या हिशेबातून आलेला आहे: सहा फुटांचा माणूस एक इंचाचा करायचा.

विमान लहान करण्याचे काम कारखान्याने साच्यातच उरकलेले असते. आपल्या वाट्याला येतात त्या लहान व्हायला तयार नसलेल्या वस्तू. रंगात अडकलेला दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण बहात्तरपट केला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा खडा होतो. रंगाचा थर तेवढाच जाड बसला, तर विमानाला सात मिलिमीटरचे प्लास्टर केल्यासारखे झाले, आणि त्याखाली पत्र्यांच्या जोडांच्या नाजूक रेषा बुजून गेल्या. पंखाची मागची कड खोक्यातून अर्धा मिलिमीटर जाडीची आली, तर प्रत्यक्षात ती साडेतीन सेंटिमीटरांहून जाड झाली. अशा कडेचे विमान कोणी उडवणार नाही. आणि बोटाचा ठसा! त्यावरच्या रेषांमध्ये सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असते, म्हणजे ओल्या रंगाला बोट लागले की पंखावर नांगर फिरून सऱ्या पडल्या असे समजावे. विमान बहात्तरपट लहान झाले तरी माझा हात एकास एकच राहतो, आणि मॉडेलावर जे खटकते ते बहुतेक वेळा या हाताचेच काहीतरी असते.

त्यात मला हवे होते १९६५ चे, उघड्या धातूच्या रंगाचे नॅट. चंदेरी रंग काही लपवू देत नाही; हिरव्या-तपकिरी छलावरणाखाली खपून गेलेला ओरखडा चंदेरीखाली दुप्पट दिसतो. त्यामुळे खरी मेहनत रंगाच्या आधीची. धडाचे दोन अर्धे जोडताना लिक्विड सिमेंट प्लॅस्टिक किंचित विरघळवते, सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपासून दोन हजारपर्यंत चढत जात, पाण्यात भिजवून भिजवून घासायची. नखाला सांधा लागेनासा झाला की चकचकीत काळा रंग आणि त्यावर चंदेरीचे विरळ फवारे. कॉकपिटची पारदर्शक काच मात्र फेविकॉलने बसवावी, कारण इन्स्टंट ग्लूच्या वाफेने ती आतून पांढरी पडते आणि पुसायला तिथे बोट पोहोचत नाही.

ठाण्याच्या हवेबद्दलही सांगितले पाहिजे. खाडीकाठच्या गावात पावसाळ्यात लॅकर व्हार्निश फवारले, तर ते झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि सगळ्या विमानावर दुधाळ साय येते. म्हणून ऑक्टोबरच्या कोरड्या उकाड्याला नावे ठेवणाऱ्यांत मी नसते.

घोडबंदर रस्त्यावरून रिक्षाने, मिठाईच्या खोक्यात फोमवर बसून, विमान नौपाड्यातील हॉलवर सुखरूप पोहोचले. तिथले परीक्षण मला फार आवडते. परीक्षक मॉडेलाला हात लावत नाहीत. टॉर्च पंखाला जवळजवळ समांतर धरून तिरक्या उजेडात सांधे पाहतात, मग खाली वाकून समोरून दोन्ही पंखांचा कल सारखा आहे ना, चाके तिन्ही टेकली आहेत ना, हे तपासतात. विमान इतिहासात किती गाजले, याला त्या टॉर्चपुढे एकही गुण नाही, आणि ते योग्यच आहे. पराक्रम वैमानिकांचा होता. माझ्या खात्यावर जमा होतो तो फक्त घासलेला सांधा. ‘ताई, पोटाखालचा सांधाही घासलात!’ असे एक परीक्षक जमिनीला कान लावल्यागत वाकून म्हणाले, तेव्हा मला जे वाटले ते नंतर मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाने वाटले नाही.

पहिला क्रमांक एका निवृत्त काकांच्या ‘विक्रांत’ला गेला, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. १९६१ ते १९९७ नौदलात राहिलेली ती पहिली विक्रांत सुमारे २१३ मीटर लांब होती. एकास सातशे प्रमाणात ती तीस सेंटिमीटरांची झाली आणि डेकवरचा खलाशी अडीच मिलिमीटरांचा. डोलकाठ्यांवरच्या तारा कशाच्या, असे सगळे विचारू लागले, कारण शिवणाचा साधा दोरासुद्धा या प्रमाणात हातभर घेराचा दोरखंड ठरतो. काकांनी खिशातून स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला लगडून येतात तिचा, तुकडा काढला, मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत मऊ केला, ज्योतीबाहेर आणून दोन्ही हातांनी झरकन ओढला, आणि केसाहून बारीक, ताठ अशी हातभर तार तयार झाली. सावकाश ओढले तर जाड, वेगाने ओढले तर बारीक, एवढेच शास्त्र. मुलांनी रांग लावली. हॉलच्या व्यवस्थापकांनी येऊन मेणबत्ती विझवायला लावली, कारण आत आग पेटवायला मनाई होती; मग ती सगळी रांग काकांसह बाहेर जिन्याखाली गेली आणि बक्षीस समारंभ त्यांच्यासाठी थांबून राहिला.