आधी परीक्षा, मग राजीनामा

लीड्समधल्या एका विमा कंपनीत मी बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. चाळिशी उलटल्यावर सॉलिसिटर व्हायचं म्हणते, हे ऐकून बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." मावशीचा प्रश्न वेगळाच, "म्हणजे बॅरिस्टर ना गं?" नाही. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणं हे मुख्यतः बॅरिस्टरचं काम. अशील आधी गाठतं ते सॉलिसिटरला. करार, घरखरेदी, मृत्युपत्रं सगळं त्याच्याकडे. पण विलायतेचा वकील म्हणजे बॅरिस्टर, हे आपल्याकडे पक्कं बसलंय.

हे खूळ शिरलं एका मोफत कायदा सल्ला केंद्रात. शनिवारी मी तिथे दुभाषी म्हणून जायचे. एका भाडेकरूचं डिपॉझिट घरमालक परत देईना. इंग्लंडमध्ये ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं, नाहीतर तिपटीपर्यंत दंड बसू शकतो. तिथल्या सॉलिसिटरबाईंनी चार ओळींचं पत्र लिहिलं आणि पैसे आले. चार ओळी! मी रात्रभर जागी.

मग हिशेब मांडला. माझा कायम वास्तव्याचा परवाना झालेला होता. व्हिसा कंपनीच्या नोकरीला बांधलेला असता, तर विषय तिथेच संपला असता. सॉलिसिटर व्हायच्या जुन्या पद्धतीत एलपीसी हा वकिलीचा कोर्स आणि त्यावर दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. २०२१ पासून त्याऐवजी एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठीची दोन टप्प्यांची सामाईक परीक्षा आली. पदवी कायद्याचीच हवी असं नाही, माझी पुण्याची बी. ई. चालली. दोन वर्षांचा कामाचा अनुभव चार ठिकाणांपर्यंत विभागून घेता येतो. थोडक्यात, परीक्षा आधी आणि राजीनामा नंतर, असं जमण्यासारखं होतं. दोन्ही टप्प्यांची फी मात्र साडेचार हजार पौंडांच्या वर, क्लासचे पैसे वेगळे. नवरा म्हणाला, "स्वयंपाकघर पुढच्या वर्षी करू." ते अजून झालेलं नाही.

दहा महिने पहाटे साडेचारला उठले. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, त्यांतले दोन तरी बरोबरच वाटणारे. पुस्तक उघडायची सोय नाही. जमिनीच्या कायद्याने आणि ट्रस्टने मला रडवलं. दुसरा पेपर गेला. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात, त्यातली एक अशी खर्ची पडली. बाबांना कळवलंच नाही. पुढच्या खेपेला तेवढाच पेपर परत दिला आणि सुटले.

राजीनाम्याचं पत्र त्यानंतरही पाच आठवडे ड्राफ्टमध्ये पडून होतं. पैशांची भीती मी तक्त्यात बसवली होती. पण एवढ्या वर्षांनी पुन्हा सगळ्यांत नवखी होणं, ते कुठल्या रकान्यात घालणार?

आता वकिलांच्या एका छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे, पगार निम्म्याहून कमी. पहिल्या आठवड्यात कोर्टासाठी कागदांचं बंडल लावलं, पानांवर आकडे घातले. माझ्या वरची मुलगी चोवीस वर्षांची. तिने ते चाळलं आणि हसत परत दिलं. त्रेसष्टावं पान उलटं लागलं होतं.