बालवाडीतला संगीतवर्ग: आधी ठेका, मग गाणं

बालवाडीत गाण्याचा वर्ग सुरू करायचा म्हटलं की पहिली चौकशी पेटीची होते. आम्ही पेटी नेतच नाही. पेटीमागे बसलं की दोन्ही हात अडकतात, नजर पट्ट्यांवर राहते आणि कोपऱ्यातलं मूल काय करतंय ते दिसत नाही. मोबाइलवरचा तानपुरा पुरतो.

बरेच वर्ग बिघडतात ते पट्टीमुळे, म्हणजे ‘सा’ कुठल्या उंचीवर धरला त्यामुळे. ताई स्वतःच्या सोयीने काळी चारमध्ये (पेटीच्या खालच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गातात, आणि तिथला खालचा षड्ज, म्हणजे ‘सा’, चार-पाच वर्षांच्या मुलांना लागत नाही. ती गुरगुरतात, आणि ‘आमची मुलं बेसूर आहेत’ असा शेरा बसतो. सूर पांढरी एक किंवा दोनचा धरावा आणि गाणी सा ते प, फार तर ध, एवढ्यातच फिरणारी निवडावीत. लयही मोठ्यांना जरा घाईची वाटेल अशी ठेवावी, मिनिटाला 110 ते 120 ठोके. संथ लयीत लहान मुलं ठोक्याच्या पुढे पळतात.

एका गटात 12 ते 15 मुलं, दोन मोठी माणसं आणि अर्धा तास. वयाच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना वीस मिनिटं खूप झाली.

सुरुवात नावाच्या फेरीने. गोलात बसून मांडीवर चार ठोके, ताई ‘नाव तुझं काय’ प-ग, प-ग एवढ्या दोन सुरांवरच म्हणते, पुढच्या चार ठोक्यांत मूल नाव सांगतं आणि सगळे ते परत म्हणतात. मूल गप्प राहिलं तर ठेका थांबवायचा नाही, ‘बोल ना बाळा’ म्हणायचं नाही. चार ठोके रिकामे जाऊ द्यायचे, मग सगळ्यांनी त्याचं नाव म्हणायचं आणि फेरी पुढे न्यायची. बुजऱ्या मुलाला त्रास होतो तो सगळे थांबून त्याच्याकडे बघतात त्याचा. ठेका चालू असला की बघायला कुणाला सवडच राहत नाही. त्या मुलाच्या ओठांकडे बघण्यापेक्षा गुडघ्याकडे बघा: आवाज येण्याच्या कितीतरी आधी बोटं ठोका धरू लागतात.

याच फेरीत नावांच्या टाळ्या येतात. मीराला दोन, कावेरीला तीन. सोहमपाशी ताई अडखळतात, कारण लिहिताना अक्षरं तीन आणि टाळ्या मात्र दोनच: सो-हम. इथे मुलांचं बरोबर असतं. शब्द कानाने तोडता येणं ही वाचनाची पूर्वतयारी आहे, पाटी त्यानंतरची.

वाद्यं शेवटच्या दहा मिनिटांत, तोवर टोपली झाकलेली. पहिले काही वर्ग सगळ्यांना एकच वाद्य द्यावं, नाहीतर निम्मा वेळ भांडणात जातो. टिपऱ्या 20 सेंटिमीटर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, टोकं काचपेपरने घासलेल्या. खुळखुळ्यासाठी 200 मिलीची बाटली, एक तृतीयांश तांदूळ. जास्त भरली की दाण्यांना हलायला जागा उरत नाही आणि आवाज दबतो. झाकणाच्या आट्यांना इपॉक्सी लावून वर टेप. नुसती टेप मुलं दातांनी सोडवतात, म्हणून आत राजमा, मणी असलं घशात अडकेल असं काही घालू नये. पत्र्याच्या खोलीत झांजा एकाच जोडीच्या वर नकोत, मुलं कानांवर हात ठेवतात. लेझीम जड पडतं आणि साखळीत बोटं चिमटतात, ते मोठ्या वर्गांना ठेवा. आणि मुलांच्या हातात वाद्य असताना सूचना देऊ नका. ‘वाद्य झोपलं’ म्हटलं की ते चटईवर, मग बोलायचं.

सगळ्यात जास्त उपयोग थांबण्याच्या खेळाचा होतो. खंजिरी वाजते तोवर चालायचं, थांबली की पुतळा. खेळ अंगवळणी पडला की खंजिरी ताईकडेच ठेवून थांबवण्याचं काम एका मुलाकडे द्यायचं, आणि ते मुद्दाम न गाणाऱ्याकडे. त्याने फक्त हात वर करायचा. तळहात वर जातो, अख्खी खोली गप्प होते, आणि ते मूल आधी स्वतःच्या हाताकडे बघतं. दोन-तीनदा थांबवून झालं की दुसऱ्याची पाळी.

शाब्बासकी जपून वापरावी. मुलाने वाजवलेला ठेका जसाच्या तसा त्याला परत वाजवून दाखवला तर ‘व्वा छान’पेक्षा ते जास्त खुलतं. गाणी महिनाभर तीच ठेवावीत, आठवड्याला एखादंच नवं. कंटाळा येतो तो ताईंना.

संस्थेकडून हमखास विचारणा येते: स्नेहसंमेलनात काय बसवताय? पहिलं वर्ष तरी बसवू नये. तालमी सुरू झाल्या की चुकणारं मूल मागच्या रांगेत जातं. त्यापेक्षा पालकांना वर्गातच गोलात बसवावं आणि त्यांच्याही नावाची फेरी घ्यावी. बाबालोक मुलांपेक्षा जास्त लाजतात.

वर्ग संपल्यावर दोन मिनिटं वही. प्रत्येक मुलापुढे दोनच नोंदी: नावाच्या फेरीत काय केलं आणि पुतळा होताना खंजिरी ऐकून थांबलं की इतरांकडे बघून. दुसरी नोंद महत्त्वाची आहे. आठवड्यामागून आठवडे बघूनच थांबणारं मूल अनेकदा हट्टी किंवा लक्ष न देणारं ठरवलं जातं. पावसाळ्यात सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. अशा मुलाचे कान आधी तपासून घ्यायला आम्ही पालकांना सांगतो.