पिठीची सतरंजी, गोट्याचा पडदा: लिटर बॉक्सची पुढची नोंद

माजघरातली सतरंजी उत्तरायणानंतर आता कुठे कोरडी राहायला लागली आहे. पडद्याचं काम अजून बाकी आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं घर, कोटा दगडाची फरशी, दोन मांजरं. पिठी वयाने मोठी, गोट्या तिच्याहून लहान आणि नसबंदी झालेला. दोघंही लिटर बॉक्सबाहेर (म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी दाणेदार माती, अर्थात लिटर, भरून ठेवलेल्या डब्याबाहेर) शू करत होती, म्हणून घरात सगळे एकच दुखणं धरून चालले होते. पण दुखणी दोन आहेत. पिठी खाली बसते, सपाट आणि मऊ जागेवर भरपूर शू करते. गोट्या उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि मागच्या मागे पडद्यावर थोडासाच फवारा मारतो. तिची ती लघवी, त्याची ती हद्दीची खूण. एकीचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कोण कुठे करतंय हे कळत नसेल तर जुना मोबाइल कोपऱ्यात लावून चित्रण करा, अंदाजावर कुणाला रागावू नका.

आधी पिठी. 14 आणि 15 जानेवारीला, उत्तरायणाच्या पतंगांच्या सणात, आपल्याकडे गच्च्यांवर काय चालतं ते सांगायला नको. दिवसभर स्पीकर, पिपाण्या, ‘काय पो छे’चा गलका आणि अंधार पडला की फटाके. पिठी पलंगाखालून बाहेरच येईना. त्यानंतर लगेच सतरंजी ओली सापडायला लागली. डॉक्टरांनी लघवी तपासली. जंतुसंसर्ग नाही, खडेही नाहीत; ताणामुळे मूत्राशयाला आलेली सूज. तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरांत हेच जास्त आढळतं, त्यामुळे मनाने अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. दुखणं कमी करायचं औषध मिळालं आणि पोटात पाणी जास्त जाईल असं बघायला सांगितलं. आता कोरड्या खाण्याऐवजी ओलं खाणं, त्यातही वरून थोडं कोमट पाणी.

सूज उतरली तरी बॉक्स नकोच, असं का? शू करताना दुखलं की मांजर तो दोष बॉक्सवर ठेवतं आणि मऊ जागा शोधतं. म्हणून जुना बॉक्स घासत बसण्यापेक्षा नवा, वेगळ्या जागी ठेवला. मंगळ बाजारातून मोठा प्लॅस्टिकचा टब आणला आणि आत जायला एक बाजू खाली कापून घेतली. टबाची लांबी मांजराच्या दीडपट तरी हवी. दुकानात मिळणारे बरेचसे बॉक्स त्याहून लहान असतात. झाकण नाही. लिटर बिनवासाचं, बारीक, गोळा होणारं बेंटोनाइट. ती माती आपल्याच कच्छमध्ये निघते. दोन-तीन इंच थर. लव्हेंडरचा वास आपल्यासाठी असतो, पिठीने तिकडे पाऊलसुद्धा टाकलं नाही. मांजरं दोन असतील तर बॉक्स तीन, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. एका ओळीत मांडलेले तीन बॉक्स मांजराच्या लेखी एकच.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते. बोका वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही पडत नाहीये, तर ती वागणूक नाही. मूत्रमार्ग अडकला आहे. रात्र असो की सण, लगेच दवाखाना गाठा. दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

स्वच्छतेचं सांगते. आईचा भरवसा फिनाइलवर. पण फिनॉल पचवून बाहेर टाकणं मांजराच्या यकृताला जमत नाही, पायाला लागलेलं ती चाटून पोटात घेतात. हे समजल्यावर तिनेच बाटली उचलून बाहेर ठेवली. साबणाने वास गेल्यासारखा वाटतो, मात्र युरिक ॲसिडचे स्फटिक फरशीच्या सांध्यांत राहतात आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारतात. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर, तेही ओतून लगेच पुसायचं नाही, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं ठेवायचं. अंधारात यूव्ही टॉर्च फिरवला तर सुकलेले डाग चमकतात. सोफ्याच्या मागचे दोन मला त्यानेच दाखवले. खरी परीक्षा पावसाळ्यात.

आता गोट्या. नसबंदीने बहुतेक बोक्यांचा फवारा थांबतो, तरी दहातला एखादा करत राहतो. इथे कारण खिडकीबाहेर बसलेलं असतं: कान फाटलेला गल्लीतला बोका, रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर. काचेच्या खालच्या भागाला धुरकट फिल्म लावली, ओटा एन्झाइमने धुतला आणि गोट्याची ताटली त्याच खिडकीखाली हलवली, कारण जेवायच्या जागी मांजरं सहसा फवारत नाहीत. फरक आहे. पडदा पूर्वी रोज धुवावा लागे, आता मधूनच.

मूळ उपाय त्या बाहेरच्या बोक्याची नसबंदी. पिंजरा उसना मिळतोय. समोरच्या काकू त्याला ठरल्या वेळी खायला घालतात, त्यामुळे पिंजरा त्यांच्याच पायरीवर लावायचा आणि त्या दिवशी त्यांनी ताटली ठेवायची नाही, एवढं बोलणं झालं आहे.