अर्धी बाटली

व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी गाय बसली, मान कुशीला वळवलेली, कान गार. मे महिन्यातल्या नागपुरात गार कान! असा फोन आला की आम्ही जनावरांचे डॉक्टर गाडीवरच निदान करून टाकतो : मिल्क फिव्हर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरणं. कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली शिरेतून सावकाश सोडायची. बाटली संपता संपता गाय ढेकर देते, शेण टाकते, उठून उभी राहते. आमची जी काही पत आहे ती बरीचशी या बाटलीची.

हुडकेश्वरकडच्या त्या गोठ्यात मीही तेच केलं. शेण पातळ होतं, रक्ताची लकेर होती. मिल्क फिव्हरमध्ये शेण कोरडं असतं, हे मला पाठ आहे. पण काकाजी म्हणाले, "काल गूळ-बाजरी देल्ली न जी," आणि मला तेवढं पुरलं.

डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप धरूनच बाटली सोडत होतो. २०० मिलीच्या सुमारास ठोके अडखळले. तीन ठोके, मग काहीच नाही, मग चार-पाच धडपडत. बाटली बंद केली आणि तेव्हा कुठे गव्हाणीत डोकावलो. गवतात लांब, अरुंद, वाळकी पानं, मधली शीर जाड नि सरळ. कण्हेर.

शेजारच्या बंगल्याच्या माळ्यानं कुंपण छाटून ढीग गाईला आणून टाकला होता. पुण्याचं काम! ओली कण्हेर कडू, जनावर सहसा तोंड लावत नाही. म्हणून तर नर्सरीवाले 'ढोरं खात नाहीत' म्हणून ती खपवतात. आपल्या उन्हात ती दोन दिवसांत वाळते, गवतात मिसळते, विष तसंच राहतं. दहा-वीस पानंही मोठ्या जनावराला पुरतात. बंगल्यातल्या काकू म्हणाल्या, "महादेवाला वाहतो आम्ही, विषारी कशी असेल?"

विष शोषायला कोळसा पाजला, ठोके सावरायला अ‍ॅट्रोपिन दिलं. संध्याकाळी गाय गेली. पोट उघडलं तर पानंच पानं.

कण्हेरीचं विष हृदयाच्या पेशींत कॅल्शियम साठवतं, आणि मी शिरेतून वर आणखी ओतत होतो. ती तशीही वाचली नसती, असं सहकारी म्हणतात. माझ्या जागी ते असते तर मीही हेच म्हटलं असतं.

नोंदवहीत कारण लिहिलं : कण्हेरीची विषबाधा. औषधाच्या रकान्यात कॅल्शियम, २०० मिली, हेही लिहिलं. काकाजींना वाचून दाखवताना मात्र पहिलीच ओळ वाचली.