चौथा मजला लाकडीच ना?

शनिवारी रात्री राजेंद्रनगरात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत सहा जण फासे टाकत बसतात. आई त्याला अजून 'पत्ते' म्हणते. खरं तर ते डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेलं. पाच जण पात्रं होतात आणि सहावा, डीएम, त्यांच्यासमोर बोलून बोलून जग उभं करतो. छापील मोहिमा आम्ही विकत घेत नाही. पाळीपाळीने घरी लिहून आणायच्या, खेळायच्या आणि शेवटी लिहिणाऱ्याला सांगायचं, कशी झाली. सगळी गोची या सांगण्यात.

कारण आम्ही इंदूरचे. लग्नातली भाजी खारट असली तरी "भिया, जोरदार!" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेणारे. वर खोलीत सगळे म्हणतात, "छान झाली." खरा अभिप्राय खाली फाटकापाशी, स्कूटर काढताना, आणि तोही लिहिणारा पुढे निघून गेल्यावर.

मी एकदा खरं बोलून पाहिलं होतं. आमच्यातले एक जण दातांचे डॉक्टर. त्यांच्या मोहिमेत एक कुलूपबंद दार होतं. ते उघडायला वीस बाजूंच्या फाशावर, पात्राच्या कौशल्याचे वरचे तीन धरून, वीस हवेत. म्हणजे सतरा किंवा त्याहून जास्त पडायला हवं, शंभरात वीस वेळा. तिघांनी एकेकदा हात लावला तरी निम्म्याहून थोडी कमीच आशा, आणि अख्खी गोष्ट दारापलीकडे! पडले ४, ११ आणि ९. शेवटी डॉक्टरांनीच एका उंदराच्या तोंडात किल्ली देऊन आमची सोय केली. मी हा हिशेब कागदावर मांडला आणि सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे ठेवला. हिशेब बरोबरच होता. डॉक्टर पुढचे तीन शनिवार आले नाहीत. पेशंट फार आहेत म्हणे. शनिवारी रात्री दहाला, दातांचे!

तेव्हापासून मीही "छान"वाला झालो.

मग शेजारच्या काकूंचा नातू आला. अकरावीतला. त्याने आपल्या राजवाड्यावरून सातमजली वाडा रचला होता. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, तेही जसंच्या तसं. देवडीवर एक कारकून, मेलेला. आत सोडण्याआधी तो प्रत्येकाला विचारतो, "तुम्ही कुठले? इंदूरचे ते ठीक, मूळचे कुठले?" वीस मिनिटं आम्ही हसत होतो. माझ्या बुटक्या पात्राने कोकणातलं एक गाव सांगितलं, तर कारकून म्हणाला, "तिथले आडनाव असं नसतं."

सातव्या मजल्यावर खजिनदाराचं भूत. तिथवर पोचायला चार शनिवार, असा पोराचा अंदाज. पण डॉक्टरांचा जादूगार नुकताच पाचव्या पातळीवर पोचलेला, म्हणजे फायरबॉल, आगीच्या गोळ्याचा मंत्र, हाती आलेला. सहा बाजूंचे आठ फासे टाकून येईल तेवढी इजा, वीस फूट त्रिज्या, आणि आसपासच्या जळाऊ वस्तू पेट घेतात. डॉक्टरांनी चौकातून वर पाहिलं आणि थंडपणे विचारलं, "चौथा मजला लाकडीच ना?"

चार शनिवार पाऊण तासात राख झाले. पोराने रडीचा डाव खेळला नाही, नियम फिरवला नाही. नुसती वहीची न वाचलेली पानं उलटत बसला. सगळे म्हणाले, "छान झालं रे!"

नंतर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू म्हणजे तळलेला कंद खायला गेलो. त्यावर लिंबू पिळत तो हळूच म्हणाला, "काका, खरं सांगा ना. छान नको."

इथे आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणजे सराफा भरलेला होता, पण आमच्यातलं कुणी नव्हतं. म्हटलं, "आग लागली त्यात तुझं काही चुकलं नाही. पण वरचे मजले जळतायत आणि खाली कारकून नावं लिहीत बसलाय, हे कसं? तू वाडा बांधलास, त्यात राहायला एक कारकून सोडून कुणी आणलंच नाहीस. तो एकटा खरा होता. त्याच्यासारखे वर पाठव."

तो काही बोलला नाही. गराडू मात्र अर्धे तसेच राहिले. मला डॉक्टर आठवले.

दोन दिवसांनी तो घरी आला, माझ्याकडे नव्हे, आईकडे. "आजी, वाडा पेटला तर लोक आधी काय करतात?" आईने भाजी निवडता निवडता सांगितलं, "आधी देव बाहेर काढतात." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या वेळी तोच वाडा, तेच मजले. डॉक्टरांनी सवयीने आठ फासे मुठीत घेतले आणि चौथ्या मजल्याकडे बोट केलं. पोरगा वहीत न बघता, म्हातारीच्या आवाजात वरून ओरडला, "अरे मेल्यांनो, थांबा, देव आत आहेत!"

डॉक्टरांची मूठ तशीच राहिली. "किती जण आहेत आत?" त्यांनी विचारलं.